दाजींचा पाणलावा

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस कोल्हापूर संस्थानात झाला नाही, आणि संस्थान विलीन झाल्यावरही हा मान त्यांच्याकडेच राहिला. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, कचेरीत कारकून. ते म्हशीला भ्यायचे, विजेच्या बटणाला भ्यायचे. आक्काला तर सगळं सासरच भ्यायचं, त्यात हे पहिले. कानाला वारा लागेल म्हणून डोक्यावरचा दहा वाराचा फेटा झोपतानाच काय तो उतरायचा. विलीनीकरण झालं तेव्हा आता आपली बदली थेट मुंबईला, या भीतीनं ते वळकटी बांधून आठवडाभर ओसरीवर बसले होते.

असा हा माणूस थंडी पडली की कॅमेरा घेऊन कळंब्याच्या तलावाकाठी तासन्‌तास उभा राही, हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. तेव्हा उत्तरेकडून पाणलावे उतरायचे. मातकट, लांब चोचीचा, महा बेरकी पक्षी. पायाशी बसला तरी दिसत नाही, आणि दिसला म्हणेपर्यंत उडालेला. पाच हिवाळे झाले, दाजींना त्याचा एक फोटो मिळाला नव्हता. मी हसलो की म्हणायचे, "पावणं, त्यो बी भ्यालेला, मी बी भ्यालेला. आमचं जमतंय की!"

सहाव्या हिवाळ्यात त्यांनी मला नेलं. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. "तुम्ही पल्याड लव्हाळ्यात हुबं ऱ्हावा, म्हंजे त्यो माझ्याकडं येईल. आन् आवाज न्हाय करायचा." कोल्हापूरकराला आवाज करू नको म्हणून सांगायचं म्हणजे कमालच! तरी मी दात आवळून उभा राहिलो. आणि पायाखालची जमीन सुटली. आधी गुडघे, मग कंबर. पाय उपसायला गेलो तर छातीपर्यंत रुतलो. मेलो, इथंच, भर उन्हात! ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. आणि नेमका तेव्हा समोरच पाणलावा लव्हाळ्यातून बाहेर आला, उन्हात निवांत उभा राहिला. त्याच्या पलीकडे बांधावर दाजी, बोट बटणावर.

दाजींनी मान वर केली, मला पाहिलं आणि "आगं आयाई गं!" अशी आरोळी ठोकली की पाणलावा पार दिसेनासा झाला. कॅमेरा तिथंच टाकून ते फेटा सोडत धावत आले, पालथे पडले आणि त्याचं टोक माझ्याकडे फेकलं. "धरा पावणं! सोडलासा तर मारीन!" मी वर आलो तेव्हा ते माझ्याहून जास्त कापत होते. टक्कल उघडं, कानात वारा.

वाटेत मी विचारलं, "दाजी, पक्षी समोर हुता. नुसतं बटण दाबायला कितीसा वेळ लागला असता?"

"तेवढ्यात तुम्ही गेला असता तर?" म्हणाले. "लई भ्यालो बघा."

त्यानंतर ते तळ्यावर फिरकले नाहीत. आता दाजी नाहीत. कॅमेरा माझ्याकडे आहे, रोलही तोच, एक फोटो उरलेला. थंडीत मी बांधावर जातो. कधीतरी पाणलावा बाहेर येतो, उभा राहतो. बोट बटणावर जातं आणि भीती वाटते, की हा फोटो काढला म्हणजे दाजी संपले. मग मी तसाच परत येतो.