घळीत दोन आकृत्या

जूनमधला, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यातला, रविवार होता. दुपारी बाराच्या सुमारास फोन वाजला तेव्हा मी लोअर हटच्या घरी पोह्यांची कढई घासत होते. फोन माझ्या ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा. आम्ही दोघं विजेच्या तारा तपासायचं काम करतो. मी खालून ड्रोन उडवते, तो खांबावर चढतो. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा किवी माणूस. सुट्टीच्या दिवशी त्याने मला कधी फोन केला नव्हता.

"तुझा थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन घरी आहे का?" त्याने 'किया ओरा' म्हणून नमस्कारसुद्धा केला नाही.

"आहे. का रे?"

"माझ्याकडून एक हरिणी जखमी झालीय. सकाळपासून शोधतोय, सापडत नाही."

रेमुटाका डोंगराच्या पलीकडे, वाइरारापामध्ये, एका वयस्कर बाईंचं मेंढ्यांचं फार्म होतं. मेंढ्यांसाठी लावलेलं हिवाळी पीक हरणं येऊन फस्त करत होती, म्हणून बाईंनीच त्याला बोलावलं होतं. सकाळी आठला त्याने गोळी झाडली आणि नेमकी त्याच क्षणी हरिणी वळली. गोळी मागे, पोटात लागली. दोनशे पावलं रक्ताचा माग मिळाला, मग ती घळीतल्या झाडीत शिरली आणि माग संपला.

"पोटात लागलेलं जनावर लगेच मरत नाही," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत जगेल. कदाचित उद्यापर्यंतसुद्धा." जरा थांबून म्हणाला, "तू मांस खात नाहीस, मला माहीत आहे. नाही म्हणालीस तरी चालेल."

पुण्याच्या आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. इथे अकरा वर्षं राहून दुसऱ्याच्या ताटात डोकावायची सवय गेली, पण शिकारीशी आपला कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. मात्र ते 'उद्यापर्यंत' डोक्यातून जाईना.

नवरा दारात उभा होता. "अगं, तू शिकारीला मदत करायला निघालीस?"

"शिकार होऊन गेलीय," मी म्हटलं. "आता ते जनावर नुसतं तडफडतंय."

 त्याने आत जाऊन चार्जरवरच्या बॅटऱ्या काढून आणून दिल्या. तीन होत्या. थंडीत एक बॅटरी फार तर पंचवीस मिनिटं टिकते.

मी पोचले तेव्हा तीन वाजायला आले होते. हिवाळ्यात पाचला अंधार पडतो, आणि तो पडला की शोध थांबवावा लागणार होता. मालकीणबाई व्हरांड्यात काठी टेकून उभ्या होत्या; वय पंचाहत्तरच्या आसपास, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. शेजारी त्यांचा काळापांढरा कुत्रा. इंग्रजीत सगळेच 'यू', पण मनात मी त्यांना अहो-जाहोच करत होते. ड्रोनच्या नियमांचं काय ते मी विचारून घेतलं. सरकारी जंगलात शिकारीच्या कामाला तो असा नेता येत नाही. पण जमीन बाईंची स्वतःची होती आणि परवानगीही त्यांचीच.

"सापडू दे ती," त्या म्हणाल्या. "माझ्या जमिनीवर एखादं जनावर असं पडून राहिलेलं मला सहन होत नाही."

"सापडेल. तुम्ही मात्र घरीच थांबा," माझा सहकारी त्यांना म्हणाला. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

वॉकीटॉकी दोनच होते. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी घळीच्या वरच्या पॅडॉकमध्ये, कुंपण घातलेल्या कुरणात, उभी राहिले, तिथून सगळी घळ दिसत होती. तो रायफल घेऊन खाली उतरला आणि मानुकाच्या झाडीत दिसेनासा झाला.

थर्मलच्या पडद्यावर रंग नसतात. थंड ते काळं, गरम ते पांढरं. वरच्या कुरणातल्या मेंढ्या तांदूळ सांडल्यासारख्या दिसत होत्या. झाडीवर आल्यावर चित्र फाटकं होत गेलं, कारण पानांच्या फटींमधून ऊब तुकड्या-तुकड्यांनीच वर येते. एक पांढरा ठिपका पॉसम निघाला, मांजराएवढं झाडावरचं जनावर. एक नुसता दगड होता, दुपारभर उन्हात तापलेला. पहिली बॅटरी अशीच संपली. दुसरी लावली तेव्हा घळीच्या तोंडाशी धुकं जमायला लागलं होतं.

"काही दिसतंय?" तो दर दोन मिनिटांनी विचारत होता.

"नाही."

मग दिसलं. अगदी तळाशी, ओढ्याच्या पलीकडे, एक मोठी आकृती आणि तिला चिकटून एक छोटी. दोन्ही स्थिर. जूनमध्ये हरिणीची पिल्लं पाच-सहा महिन्यांची असतात, आईबरोबरच फिरतात, हे त्यानेच मला कधीतरी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. 

"सापडली!" मी म्हटलं. "तुझ्यापासून साठ मीटर, ओढ्याच्या पलीकडे. खाली बसलीय. शेजारी पिल्लू आहे."

"नक्की?"

"हो."

हा 'हो' मी इतक्या सहज म्हटला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्याचा पांढरा ठिपका पडद्यावर हळूहळू पुढे सरकला आणि ओढ्याच्या काठी थांबला. वॉकीटॉकीत त्याची कुजबुज आली. "तपकिरी दिसतंय काहीतरी. डोकं झाडामागे आहे. ड्रोन तिथेच ठेव, उठवू नकोस तिला." मग एक बारीक खट्. "सेफ्टी काढली."

मी पडद्यावर डोळे लावून होते. तेवढ्यात त्या छोट्या आकृतीच्या मागच्या टोकाला काहीतरी हललं. एक लांब, पातळ रेघ. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.

हरणाची शेपूट एवढी लांब नसते.

मग मोठ्या आकृतीतून आणखी एक रेघ बाहेर आली आणि छोटीच्या पाठीवर जाऊन थांबली. तो हात होता.

"थांब! गोळी नको! माणूस आहे!" मी वॉकीटॉकीत ओरडले. उत्तरादाखल मला त्याचा श्वासच ऐकू येत होता. बोलून झाल्यावरही त्याने बटण दाबूनच धरलं होतं, आणि तो बटण सोडत नाही तोवर माझा आवाज त्याच्यापर्यंत जाणार नव्हता. मी तोंडाने ओरडले. तीनशे मीटर, मध्ये दाट झाडी, खाली ओढ्याचा आवाज. काही उपयोग नव्हता.

पुढचं मी विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. ड्रोनचा दिवा लावला, तो लुकलुकता केला, आणि ओढ्यावर झाडीत जी मोकळी जागा होती तिच्यातून ड्रोन सरळ खाली सोडला, त्याच्या आणि त्या आकृतीच्या मधोमध. पडद्यावर फांद्या वेगाने वर आल्या. एक पातं कशाला तरी लागलं, चित्र गरगरलं आणि पडदा काळा झाला.

वॉकीटॉकीत एक सणसणीत शिवी आली. मग, "काय करतेस तू? ते माझ्या डोक्यात—" आणि त्याचं बोट बटणावरून सुटलं.

"माणूस आहे," मी म्हटलं. "हरिणी नाही. माणूस आहे. गोळी नको."

 मी गोळीच्या आवाजाची वाट पाहत उभी होते. शेवटी त्याचा आवाज आला, ओळखू न येण्याइतका बारीक. "बाई आहेत. खाली ये."

मी घळीत कशी उतरले ते धड आठवत नाही. गॉर्सच्या काट्यांनी दोन्ही हात ओरबाडले. खाली बाई एका दगडाला टेकून बसल्या होत्या, अंगात फार्मवरचा तपकिरी मेणकापडाचा कोट, घोटा सुजलेला. माझा सहकारी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. रायफल उघडून त्याने बाजूला ठेवली होती. गोळ्या गवतावर होत्या.

झालं होतं असं: आम्ही निघाल्यावर कुत्र्याला रक्ताचा माग लागला आणि तो धावत सुटला. बाई त्याला हाका मारत मागोमाग आल्या, उतारावर घसरल्या आणि त्यांना उठता येईना. त्या हाकाही मारत होत्या, पण ओढ्याच्या आवाजात त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

"ती तिथे आहे," बाईंनी बोट दाखवलं. त्यांच्यापासून तीस पावलांवर एक पुढे आलेला कडा होता. त्याखालच्या खोबणीत हरिणी पडली होती. डोक्यावर अख्खा खडक. कॅमेऱ्याला ती कधीच दिसली नसती. कुत्रा तिच्याकडेच बघत बसून होता.

माझ्या सहकाऱ्याने रायफल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.  तो आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ उभा राहिला. मग रायफल आणि एकच गोळी घेऊन तो कड्याकडे चालत गेला. मी तोंड फिरवायचं ठरवलं होतं, पण फिरवलं नाही. हरिणी मान उचलायचा प्रयत्न करत होती. सकाळी आठपासून ती अशी होती. आवाज झाला आणि तिची मान खाली गेली, आणि मला रडू आलं. त्यात सुटका किती आणि दुःख किती, ते मला आजही सांगता येत नाही.

बाईंना त्याने पाठुंगळी घेतलं. मी काठी, रायफल आणि मोडका ड्रोन घेऊन मागून चढले. वर आलो तेव्हा उजेड जेमतेम उरला होता.

स्वयंपाकघरात बाईंचा पाय बर्फाच्या पिशवीत ठेवून आम्ही चहा घेत बसलो.

"मी ट्रिगरवर बोट ठेवलं होतं," तो म्हणाला.

"मीच म्हटलं, सापडली. पिल्लूसुद्धा मीच सांगितलं."

"तू काहीही सांगितलं असतंस. बंदूक माझ्या हातात होती. डोकं दिसलं नव्हतं मला, आणि तरी मी नेम धरला."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. "आणि मला घरी बसायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "चहा गार होतोय." 

त्या हंगामात तो पुन्हा शिकारीला गेला नाही. मी ड्रोन दुरुस्त करून घेतला. नंतर असेच दोन-तीन फोन आले, दुसऱ्या शेतकऱ्यांचे, आणि मी गेले. फक्त आता उडवण्याआधी मी फार्मवरच्या प्रत्येक माणसाला समोर उभं करते, आणि वॉकीटॉकीवर 'सापडलं' हा शब्द वापरत नाही. काहीतरी गरम आहे, एवढंच सांगते. पुढचं बघणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचं.

पडलेल्या ड्रोनच्या कार्डावर त्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग शाबूत राहिलं होतं. ऑगस्टमध्ये एकदा कामावरून परतताना, व्हॅनमध्ये, त्याने ते बघायला मागितलं. मी लॅपटॉप उघडला. शेपूट हलते तो भाग जेमतेम दोन सेकंदांचा आहे. त्याने तो तीनदा बघितला.

"पुसून टाकू?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "आमच्या क्लबमध्ये नवी माणसं येतात. त्यांना दाखवेन. मधे ड्रोन कोणी घातला आणि बंदूक कोणाच्या हातात होती, तेही मीच सांगेन."