भावोजींच्या पानावरची मुलगी

हरमलला ताईकडे गेले की चहाबरोबर भावोजींचं प्रवचन ठरलेलं. "मोबाईल म्हणजे वीख. दहावी होईसर माझ्या चेडवाच्या हातात मी तो देवचंय नाय." हे सांगताना त्यांचा स्वतःचा मोबाईल चार्जरच्या वायरसकट हातात असे. शेजारीपाजारी माना डोलवत. मी डिचोलीत औषधांच्या दुकानात काम करणारी, बिनलग्नाची मेहुणी. मुलं कशी वाढवावीत ते मला काय कळणार!

भाची आठवीत. तिच्या हातात मोबाईल नव्हता हे खरं, पण ती स्वतः मोबाईलमध्ये अखंड होती. भावोजी पर्यटकांना खोल्या देतात. त्या खोल्यांसाठी त्यांनी इन्स्टावर पान उघडलं होतं. पलंग आणि पंख्यांचे फोटो कोणी बघेना. मग एकदा पाहुण्यांना सोलकढी देणाऱ्या आपल्याच मुलीचा व्हिडिओ टाकला, तो धावला. तेव्हापासून मुलगी गणवेशात, मुलगी केस विंचरताना, मुलगी सायकलवरून पडून रडताना. खाली तिचं नाव, शाळेचं नाव, आणि ती कुठल्या वाटेने घरी येते तेसुद्धा. एवढा जागरूक बाप साऱ्या पेडण्यात शोधून सापडला नसता.

नाताळच्या सुट्टीत मी तिथेच होते. भाची दारापुढच्या ओसरीवर, बाल्कांवात बसून वाल सोलत होती. चाळिशीतला एक नवा पाहुणा फाटकातून आत आला आणि थेट तिच्या नावाने हाक मारून हिंदीत म्हणाला, "गुडघा बरा झाला का गं?" मग मोबाईल उंच धरून तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. ती उठली, आत गेली आणि तिने खोलीला कडी घातली.

भावोजी दारावर थापा मारू लागले. "भायर ये! काय झाला त्यात? माणूस प्रेमान बोललो."

"तुमच्या व्हिडिओखाली लोक काय लिहितात, ते वाचता का कधी?" मी विचारलं.

"वाचूक वेळ कोणाक आसा?"

ते फक्त लाइकचे बदाम मोजत होते. मी माझ्या मोबाईलवर पान उघडून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले. त्या ओळी इथे लिहिण्याची माझी तयारी नाही. तिसऱ्या ओळीला ते "पुरे" म्हणाले. मी चौथी वाचली.

"जगच बिघडलां," ते म्हणाले. जग बिघडलं होतंच. त्याला मुलीच्या शाळेची वाट कोणी दाखवली, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

ताई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती सहसा नवऱ्यापुढे बोलत नाही. बाहेर येऊन तिने पाहुण्याला खोली नाही असं तोंडावर सांगितलं. मग किल्ल्यांचा जुडगा नि झाडू नवऱ्यापुढे ठेवला. "तिचे सगळे फोटो जाईसर मी एक खोली झाडूचंय नाय. चादरी तुमीच घाला."

भावोजी जेवले नाहीत, फुगून बसले. पण दुपारी दुसरे पाहुणे दारात येऊन उभे राहिले, आणि चादर घालणं काही त्यांना जमेना. तेव्हा कुठे त्यांचा मोबाईल माझ्या हाती आला.

मी भाचीच्या खोलीत बसून तिलाच एकेक फोटो नि व्हिडिओ काढून टाकायला लावला. तिने विचारलं, "मावशी, आता ते कोणाकडेच नाहीत?"

"कोणी उतरवून घेतले असतील तर आहेत," मी म्हणाले. तिचा चेहरा उतरला. पण खोटं बोलून तिला फसवायला घरात एक माणूस पुरे होता. नको त्या माणसाला ब्लॉक कसं करायचं, तक्रार कुठे करायची, ते दाखवलं. "मोबाईलवर असो की फाटकात, कोणाची भीती वाटली तर मला नाही तर आईला सांग. आम्ही ओरडणार नाही."

पुढच्या चतुर्थीला ती नवा परकर-पोलका घालून गणपतीपुढे, टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली उभी होती. मी सवयीने मोबाईल काढला.

"आधी विचार," ती म्हणाली.

"चेडू शेफारलां," भावोजी पुटपुटले.

मी तिला विचारलं. ती नको म्हणाली. मी मोबाईल पिशवीत टाकला आणि आम्ही दोघी आरतीला गेलो.