फळीवरची ताई

दोन मुलांची बाबागाडी घ्यायची असेल तर सोबत सुतळी आणायची, असा नियम माझ्या मोठ्या बहिणीने दुकानात घालून दिला होता. घरी जायचं, लिफ्टचं दार पूर्ण उघडायचं, या कडेपासून त्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरायची, तिथे गाठ मारायची आणि ती घेऊन यायचं. टेपवर तिचा विश्वास नव्हता. माणसं टेपने मोजतात आणि वाटेत आकडा विसरतात, नाहीतर इंचांचे सेंटिमीटर करून सांगतात, असं ती म्हणायची. सुतळी आपली गाठ घेऊन मुकाट येते.

मुलुंडमधलं हे दुकान तिचं. झबली, दुपटी, पाळणे, बाटल्या आणि बाबागाड्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दुपारची तिच्याकडे जाऊन बसू लागले. ती बोलायची, मी बिलं करायची आणि मधल्या वेळात वाचायची. बरीच गिऱ्हाइकं मला तिची मुकी बहीण समजत असावीत. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा दुकानाचं पुढे काय, असं सगळ्यांनी मला विचारलं. तेरावं झाल्यावर मी जाऊन शटर उघडलं, एवढंच. घरात बसून तिची खुर्ची बघण्यापेक्षा दुकानात बसून तिची खुर्ची बघणं बरं वाटलं. तिथे निदान मधेमधे मुलं येतात आणि त्या खुर्चीवर चढून बसतात.

जाण्याआधी तिने दोन जोडगाड्या मागवून ठेवल्या होत्या. एकीत मुलं शेजारी शेजारी बसतात, दुसरीत पुढे मागे. दोन्ही दर्शनी भागात प्लास्टिकच्या आवरणात उभ्या होत्या आणि त्यांच्यामुळे आत शिरायला वाट उरली नव्हती. दुसरं मूल झालं की लोक पहिल्याला चालायला लावतात, असं मी तिला म्हणाले होते. "येईल गं कुणीतरी," ती म्हणाली होती. तिच्यानंतर त्या गाड्या पुसायचं काम माझ्याकडे आलं आणि कुणीच येत नव्हतं.

मे महिन्यात एक तरुण आई आली. सोबत तिची आई, तीन वर्षांची मुलगी आणि एका जुन्या बाबागाडीत झोपलेलं बाळ. ती गाडी मी ओळखली. मुलगी झाली तेव्हा आमच्याकडूनच नेलेली होती.

"काकू, ताई नाहीत?" तिने विचारलं. मी सांगितलं. मग तिच्या आईने विषय हातात घेतला.

"नातीची नर्सरी जूनात सुरू होता," आजी म्हणाल्या. त्या वाकोल्याला राहत, मूळच्या मालवणकडच्या. "जावयाची ड्युटी विमानतळार, सकाळी तो घरात नसता. माका काय रोज वाकोल्याहून येवक जमतला? हिका दोघांका घेऊन एकटीन जावचा हा."

"शाळा चार गल्ल्या सोडून आहे," मुलीची आई म्हणाली. "रिक्षावाले एवढ्या जवळ येत नाहीत. बाळ कडेवर आणि ही हात सोडून पळणार. एकदा करून बघितलं, अर्ध्या वाटेतून परत आले. जमलं नाही तर हिची शाळा पुढच्या वर्षावर टाकावी लागेल. फी भरायच्या आधी ठरवायचंय."

मुलगी ताईच्या खुर्चीवर चढून बसली होती. "मी त्याच्याबरोबर नाही बसणार," ती म्हणाली. "तो रडतो."

ही विक्री ताईची होती. मला फक्त सुतळी ठाऊक होती. मी सुतळी मागितली. आजींनी पिशवीतून ती लगेच काढली, गाठ मारलेली, नीट गुंडाळलेली. लेकीने फोनवर नियम सांगितला असावा. मी शेजारी शेजारी बसायच्या गाडीला ती लावून पाहिली. गाडी आरामात मावत होती. मला फार बरं वाटलं. ग्रंथालयात एखाद्याला हवं ते पुस्तक पहिल्याच कपाटात सापडावं, तसं.

"आई, तू कधी मोजलंस? तू तर आत्ता आलीस," बाळाची आई म्हणाली.

"काल. आमच्या बिल्डिंगीत."

"आपल्या वाकोल्याच्या?"

"लिफ्ट ती लिफ्ट. तुमची काय राजवाड्याची हा?"

बाळाच्या आईने कपाळाला हात लावला. मला हसू आलं, पण मी ते बिलबुकात लपवलं. मग वाटलं, सुतळी नाही तर नाही, गाडीच नेऊन बघू. शेजारच्या स्टेशनरीवाल्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि आम्ही दोन्ही जोडगाड्या घेऊन निघालो. एक मी ढकलत होते, एक आजी. बाळाची आई जुनी गाडी ढकलत होती आणि मुलगी सगळ्यांच्या पुढे, रिकाम्या हातांनी. लोक थांबून बघत होते. "एकदम किती?" एका फळवाल्याने विचारलं. आजींनी त्याला सांगितलं की त्याची आंबे विकायची वेळ झाली आहे.

त्यांची इमारत जुनी, लिफ्ट जाळीच्या दाराची. शेजारी शेजारी बसायची गाडी त्या दारातून अर्धी आत गेली आणि तिथेच राहिली. वरून कुणीतरी दार बंद करा म्हणून ओरडू लागलं. तळमजल्यावरचे एक काका बनियनवर बाहेर आले आणि "तिरकी करा" म्हणाले. तिरकी केल्यावर ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. "आता सरळ करा," काका म्हणाले. शेवटी काका, आजी आणि मी अशा तिघांनी ती ओढून काढली, तेव्हा जिन्यावर चांगली गर्दी जमली होती. "ह्यो गाडो ओढूक बैल व्हयो," आजी घाम पुसत म्हणाल्या. "माजी चारय पोरां कडेर वाढली."

"आई, तेव्हा तुझ्याकडे तीन जावा होत्या," बाळाची आई म्हणाली. "माझ्याकडे लिफ्ट आहे."

पुढे मागे बसायची गाडी मात्र लिफ्टमध्ये गेली. आम्ही ती पुन्हा खाली कंपाउंडमध्ये आणली. आता प्रश्न मुलीचा होता. पुढे बसलीस तर तू ड्रायव्हर, असं तिच्या आईने सांगितल्यावर ती बसली. बाळाला मागे ठेवलं. गाडी फाटकापर्यंत गेली आणि मुलीने भोकाड पसरलं.

"काय झालं?"

"तो दिसत नाही."

"तो नको म्हणूनच बसत नव्हतंस ना गो?" आजी म्हणाल्या.

मग जागा बदलल्या. बाळ पुढे, ती मागे. फाटकापर्यंत जायच्या आधीच ती उतरली. "नुसतं कापड दिसतं," तिने आम्हाला सांगितलं. खरंच होतं ते. मी तिच्या उंचीला वाकून बघितलं, तर पुढच्या टपाच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं.

मला सुचेना. ताईला अशा वेळी बोलता यायचं. तिने मुलीशी काहीतरी करार केला असता, हसवलं असतं. बाळाच्या आईचा चेहरा पडला होता. "जाऊ दे काकू," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी. तोवर हाही मोठा होईल." बाळाला तिने उचलून जुन्या गाडीत आडवं केलं. आजी मुलांना किती लवकर चालता येतं ते सांगू लागल्या आणि काका लिफ्ट कशी बदलायला हवी होती ते.

या बोलण्यात मुलगी जुन्या गाडीच्या मागे गेली. मागच्या दोन चाकांना जोडणारा जो दांडा असतो त्यावर तिने पाय ठेवले, हँडलच्या खालून डोकं आत घातलं आणि उभी राहिली. तिची आई धावली. "थांबा," मी म्हणाले, आणि गाडी दोन्ही हातांनी धरली. इतक्या मोठ्याने मी ग्रंथालयातही कधी बोलले नव्हते.

बाळ पाठीवर पडून वर बघत होतं. त्याच्या तोंडावर बरोबर तिचं तोंड आलं होतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग बाळाने बोळकं पसरून हसून दाखवलं.

"उलटा दिसतोय," मुलगी म्हणाली. उतरायला मात्र ती तयार नव्हती.

तेव्हा मला माळ्यावरचा खोका आठवला. ताईने कधीतरी एक फळी मागवली होती. बाबागाडीच्या मागे जोडायची, खाली दोन लहान चाकं असलेली. मोठ्या मुलाने तिच्यावर उभं राहायचं. कुणी मागितली नाही म्हणून ती वर गेली होती. आम्ही सगळे पुन्हा दुकानात आलो, दोन्ही जोडगाड्यांची वरात मागे घेऊन. मी शिडीवर चढले, खोका काढला. फळी कशी जोडायची याचं माहितीपत्रक आत होतं, बारीक अक्षरातलं, आणि माहितीपत्रक वाचणं हे तर मला येतंच. सगळी माझ्याभोवती वाट बघत बसली होती. आजी मात्र मधूनच, "हां, आता काय म्हणता तां?" असं विचारत होत्या.

फळी बसली. पहिल्यांदा मुलीचं पोट गाडीला टेकत होतं, मग मी फळीचे दांडे लांब केले. त्यामुळे आईच्या नडग्या फळीवर आपटू लागल्या. तिला पाय फाकवून चालावं लागलं. "बदकासारखी चलतंस," आजी म्हणाल्या. "चालू दे," लेक म्हणाली. दुकानासमोरच्या फुटपाथवर, मोटरसायकली चढू नयेत म्हणून रोवलेल्या लोखंडी खांबांच्या मधून, उखडलेल्या लाद्यांवरून ती बदकासारखी गेली आणि परत आली. मुलगी सगळ्या वाटेत बाळाला समोरचं सांगत होती. "आता खड्डा. आता कुत्रा. तो झोपलाय, घाबरू नकोस."

दोन जोडगाड्या गावभर फिरवून आणल्या आणि विकली एक फळी. ताई असती तर हे सगळ्यांना सांगत सुटली असती. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी गाड्या जागेवर लावताना मला त्यांचा राग आला नाही.

मे महिना संपेपर्यंत ती तिघं रोज संध्याकाळी सराव करायला बाहेर पडत. दुकानावरून जाताना मुलगी मला हात करत नसे, कारण दोन्ही हातांनी धरायचं असं तिला बजावलेलं होतं. ती मान हलवायची, एखाद्या बसच्या कंडक्टरसारखी. हळूहळू आईच्या नडग्यांना सवय झाली. फी भरली गेली.

नर्सरीच्या पहिल्या दिवशी मी दुकान लवकर उघडलं. काही कारण नव्हतं. ती तिघं गेली. नवा फ्रॉक, पाठीवर दप्तर, दप्तरामुळे आईला हँडल धरायला वाकावं लागत होतं. "शाळेत चाललोय," मुलीने बाळाला सांगितलं. रडणं नाही, पळणं नाही. मी आत येऊन झबल्यांच्या घड्या घातल्या.

थोड्या वेळाने गाडी परत आली. फळी दुमडून वर बांधलेली होती आणि बाळ टाहो फोडून रडत होतं.

"ती हसत आत गेली, काकू. मागे वळून नाही बघितलं," आई म्हणाली. "आणि हा फाटकापासून असा. दूध दिलं, उचलून घेतलं. गाडीत ठेवला की सुरू." तिचा आवाज थकलेला होता, पण ती हसत होती. "आता ह्याला कुठल्या शाळेत घालू?"

मी बाळाकडे बघितलं. ते रडता रडता वर बघत होतं, टपाच्या कडेकडे, जिथे रोज तिचं डोकं यायचं. तिथे काहीच नव्हतं. मला त्याचं म्हणणं कळलं.

मी गाडीच्या मागे गेले, हँडलवरून वाकले आणि माझं तोंड त्याच्या तोंडावर उलटं आणलं. तो थांबला. त्याने माझा चष्मा बघितला, केस बघितले, फार विचार केला. मग आधीपेक्षा मोठ्याने रडू लागला.

"नाही ना आवडली तुला?" मी म्हणाले. "बरोबर आहे तुझं. मी ती नाही."

त्याच्या आईला हसू आवरेना. मलाही आवरेना. आम्ही दोघी त्या रडणाऱ्या पोरासमोर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. नंतर ताईच्या खुर्चीवर बसून तिने त्याला पाजलं, मी चहा मागवला आणि तो तिच्या मांडीवर झोपला.

पहिला दिवस म्हणून मुलांना लवकर सोडणार होते. मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. गाडी मी ढकलत होते. शाळेच्या दारात पालकांची गर्दी होती. मुलं एकेक करून बाहेर येत होती. कुणी रडून सुजलेलं, कुणी दुसऱ्याचीच पाण्याची बाटली घेऊन. ती आली. एका पायातला मोजा गेला होता. आईने हात पसरले. ती आईच्या हाताखालून निघून सरळ गाडीपाशी आली आणि वाकून बाळाचं तोंड नीट बघितलं. गालांवर सुकलेले ओघळ होते.

"रडला का?" तिने मला विचारलं.

"खूप रडला."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. तिने फळी पायाने खाली केली आणि वर चढली.