जावळाला मामा पाहिजे

पेठच्या सलूनमध्ये दाढीसाठी थांबलो होतो. एक बाई वर्षाची पोर कडेवर घेऊन आत आली आणि बाकावरच्या आम्हा सगळ्यांना बैल पारखावेत तशी निरखू लागली. नजर माझ्यावर थांबली.

“भाऊ, हिचं जावळ काढायचंय. मामाच्या मांडीवर काढत्यात, अन् मला भाऊ न्हाई. हिला कुणीतरी एसटी स्टँडवर टाकून गेलं व्हतं. सरकारनं माझ्याकडं सांभाळायला दिली. आई घावली, मामा तेवढा राहिलाय.”

मी खुर्चीत बसून पोरीला मांडीवर घेतलं. मशीन लागताच तिनं भोकाड पसरलं आणि माझी पँट भिजवली.

“आता मामा पक्का!” बाई खदखदून हसली.

घरी बायकोनं पँटचं विचारलं. “भाचीनं भिजवली,” म्हणालो. “तुम्हाला कुठली भाची?” ती म्हणाली. सकाळपर्यंत मला बहीण नव्हती.