भरिताची परीक्षा

जळगावात इमारतींची देखभाल करण्याचा माझा धंदा आहे. टाक्या, गच्चीची गळती, पंप, लिफ्ट. सोसायटीने किल्ल्या दिल्या की पुढचं माझ्याकडे. यातलं एकही काम मला स्वतःला येत नाही. मला माणूस ओळखता येतो, असं मी वीस वर्षं सांगत आलोय, आणि इतक्या ठामपणे, की एकदा माझ्या बायकोलाही ते खरं वाटलं होतं.

माणूस निवडायची माझी रीत ठरलेली. त्याला नशिराबादच्या पुढे मित्राच्या मळ्यात न्यायचं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायची आणि भरितात मिरची इतकी ठेचायची, की बांधावरच्या बैलाने तोंड फिरवावं. जो न थांबता खाईल तो पक्का. जो पाणी मागेल त्याला पोचवायला गाडी माझी, पण काम दुसऱ्याचं.

मेहरूणमधल्या एका पाच मजली इमारतीच्या लिफ्टसाठी मी अशी दोन माणसं जेवायला नेली. एक धुळ्याच्या बाई, लिफ्टच्याच कामातल्या, रीतसर शिकलेल्या, परवानाधारक. त्यांनी बसल्या बसल्या प्रमाणपत्रांची फाइल पुढे केली. मी ती गरम कढईखाली ठेवली, सतरंजी जळू नये म्हणून. बाईंनी एक घास खाल्ला, त्यांना उचकी लागली आणि त्यांनी दही मागितलं. दुसरा अमळनेरकडच्या खेड्यातला, विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारा. तो अडीच वांगी एकट्याने खाऊन कढई पुसून मोकळा झाला. वर म्हणाला, मोटार ती मोटार, विहिरीवर काय नि गच्चीवर काय. फाइल माझ्या गाडीच्या डिकीत पडली आणि लिफ्ट मोटारवाल्याकडे गेली.

आठवड्याने त्याने लिफ्ट सुरू केली. पाचव्या मजल्यावर राहणारे शेठजी सोसायटीचे अध्यक्ष. कापडाचे व्यापारी, वय पंच्याहत्तर, ठिगळ लावलेला ताका लांबूनही ओळखणारे. ते म्हणाले, तुम्ही सोबत चला, मगच मी बसतो. दुपारी बारा वाजता आम्ही दोघं बसलो. जुनी लिफ्ट, जाळीच्या दारांची. दुसरा मजला मागे पडला आणि वीज गेली.

लिफ्ट थांबली. आमच्या पायाशी दुसऱ्या मजल्याच्या दाराची वरची फट तेवढी उघडी होती, माणूस घसरून बाहेर पडेल एवढी. मोटारवाल्याने खालून दार उघडलं, दोन गाद्या अंथरल्या आणि हात पसरून उभा राहिला.

"उडी मारा भाऊ, आम्ही शेतस ना खाले." आम्ही आहोत ना खाली, म्हणे.

मी दारात बसून दोन्ही पाय बाहेर सोडले. गादीच्या आणि माझ्या मधे लिफ्टचा काळा खड्डा होता. तो जरा जास्तच माझ्या बाजूला होता. पाताळातल्या भोगावतीपर्यंत गेला असावा.

शेठजी म्हणाले, "भाऊ, ज्याला हे काम येतं अशा कुणाला तरी विचारा. आता तरी."

अग्निशमनची गाडी कापसाच्या जिनिंग मिलच्या आगीवर गेलेली. मग राहिला एकच नंबर. बाईंनी फोन उचलला. कुठे अडकलो, किती माणसं, कोण कसं बसलंय, हे विचारून त्या म्हणाल्या, लिफ्टला शेवटचं काय काम केलं ते सांगा. मी फोन खाली धरला. मोटारवाला छाती पुढे काढून म्हणाला, "ब्रेक वरडी राह्यना था ताई. मी तेल टाकी दिधं."

बाई फोनमधून ओरडल्याच.

"भाऊ, पाय आत घ्या. आधी पाय आत घ्या."

मी पाय ओढले. एक चप्पल खड्ड्यात गेली. ती खाली पोचायच्या आत लिफ्ट सरकली. आणि वर. आम्ही दोघं पडायची तयारी करून बसलेलो आणि ही बया स्वर्गाकडे निघालेली. फट वीतभर उरली. माझे गुडघे जिथे होते तिथे आता सिमेंटची कड होती. ती कड मला आजही जेवताना दिसते.

बाई म्हणाल्या, ओरडणाऱ्या ब्रेकला तेल घातलं की तो धरत नाही, घसरतो. दुसऱ्या टोकाला वजनं असतात, भरलेल्या लिफ्टला पेलतील एवढी. तुम्ही दोघंच, म्हणून वजनं खाली येतात, तुम्ही वर जाता. वीज यायच्या आत मेन स्विच पाडा, ब्रेकला कुणी हात लावू नका. मी निघते.

धुळ्याहून जळगाव दोन तास. त्या दोन तासांत माझ्या डोक्यावरचे सगळे केस पांढरे झाले. होते ते आधीच, पण ते वेगळं. लिफ्ट आणखी तीनदा हलली. फट बुजली, समोर नुसती भिंत आली, अंधार झाला. प्रत्येक हलण्याला मी शेठजींचा हात धरायचो आणि ते सोडवून घ्यायचे नाहीत. त्यांच्या खिशात जिभेखाली ठेवायची एक गोळी होती. ती त्यांनी काढली, माझा श्वास ऐकला आणि मला देऊ केली. "तुम्हाला जास्त गरज दिसते," म्हणाले. मी घेतली नाही. फार मोह झाला होता.

बाई आल्या, थेट गच्चीवर गेल्या, आधी चाक जखडलं, मग हाताने इंच इंच फिरवून आम्हाला तिसऱ्या मजल्याला लावलं. दार उघडलं तेव्हा मी शेठजींना हात देऊन बाहेर काढलं, असं मी लोकांना सांगतो. काढलं त्यांनी मला.

काम बाईंनाच दिलं. त्यांनी ब्रेकचे पट्टे बदलले, रिकामी लिफ्ट दिवसभर चालवून पाहिली आणि मला बोलावलं. सोसायटीचे लोक खाली जमलेले. शेठजी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे, गुडघे चोळत. त्यांना पाचव्या मजल्यावर जायचं होतं आणि ते माझ्याकडे बघत होते.

बाई म्हणाल्या, "पहिले तुम्ही बसा, भाऊ. निवड तुमची आहे ना?"

मी डिकीतून त्यांची फाइल आणली आणि आत जाऊन जाळी ओढली. पाच मजले मी डोळे वर केले नाहीत. भरिताच्या तेलाने गोल डाग पडलेलं ते प्रमाणपत्र मी पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचत गेलो, आणि पाचवा आला तेव्हा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.