काळ्या समुद्रावरचं विमान

कोरीटच्या घरात काका खाटेला खिळले होते आणि त्यांचा मुलगा न्यूयॉर्कहून निघाला होता. मुंबईपर्यंत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पंधरा तास विमानात, आणि पुढे गावापर्यंत रात्रभर गाडी. डॉक्टरांनी एवढा वेळ दिलेला नव्हता.

मोबाइलवर विमान सरकताना दिसत होतं. उरलेले किलोमीटर मी मोठ्या साहेबाच्या थाटात जाहीर करत होतो.

“किलोमीटर तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे,” काका म्हणाले. “तो कोठे शे ते सांग.”

“काळ्या समुद्रावर.”

थोड्या वेळाने, भर दुपारी, त्यांनी दाराकडे पाहिलं आणि पाय आखडून खाटेवर कुणाला तरी बसायला जागा केली.

“उना तो,” ते काकूला म्हणाले. “पायवर पानी टाक त्याना.”

लांबून आलेल्याच्या पायावर आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाणी घालतात. काकूने तांब्या उचलला आणि रिकाम्या दारात ओतला. तिथे झोपलेला कुत्रा उठून बाजूला झाला. पाण्याने उठला, असं मी स्वतःला समजावलं. मग आठवलं, तो पाणी पडण्याआधीच उठला होता.

मोबाइलवर विमान अजून काळ्या समुद्रावरच होतं. संध्याकाळच्या आत काका गेले.

सकाळी मुलगा दारात येऊन उभा राहिला. मी तांब्या पुढे केला, तो काकूने माझ्या हातातून काढून घेतला.

“आखो कसाले?” ती त्याला म्हणाली. “काल टाकं ना मी तुन्हा पायवर. चाल, घरमा ये.”

तो काहीतरी विचारेल असं मला वाटलं. तो उंबरा ओलांडून सरळ आत गेला.