बुधवारची कोथिंबीर

माझी नात बेळगावच्या कॉलेजात माल इकडून तिकडे कसा पोचवायचा ते शिकते. त्याचंही शिक्षण असतं हे मला तिच्यामुळंच कळलं. मी चौथीपर्यंत शिकले. पुढं बरीच वर्षं भाजीची बुट्टी डोक्यावर घेऊन बेळगावच्या बाजारात बसले. आता गुडघ्यांनी ते काम सोडायला लावलं.

आमचं गाव येळ्ळूरच्या पलीकडं. इथल्या बायका मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा करतात आणि आजवर सगळं दलालाच्या दारात नेऊन टाकत. नातीनं गोव्यातल्या म्हापशाच्या एका दुकानदाराशी बोलणं केलं. रोज ठरलेली भाजी, रोज ठरलेल्या वेळेला. बायकांनी दुपारी भाजी काढायची, धुऊन पेंड्या बांधायच्या आणि पहाटे माझ्या पुतण्यानं पिकअप घेऊन चोर्ला घाट उतरायचा. कॉलेजात तिला काहीतरी करून दाखवायचं होतंच, ते तिनं गावातच केलं. माझ्या घराच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला. कुणाकडून काय, गाडी आधी कुठं थांबणार, सगळं त्यात होतं. तक्ता चांगला होता. पुतण्या पूर्वी एकाच गल्लीत दोनदा फिरायचा, ते बंद झालं. पिशव्या जाऊन क्रेट आले, त्यामुळं पालक चेंगरायचा थांबला. दुकानदारानं सांगितलं होतं की महिनाभर बघतो, एकही दिवस चुकला नाही तर कायम.

मग यात्रा जवळ आली आणि गावानं वार पाळायला घेतले. यात्रेआधी पाच मंगळवार आमच्याकडं शेतात कुणी पाऊल टाकत नाही. खुरपं नाही, विळा नाही, पाणीसुद्धा सोडायचं नाही. देवळाच्या स्पीकरवरून सांगतात, पण न सांगताही सगळ्यांना माहीत असतं. नात लहानपणापासून हॉस्टेलवर राहणारी, तिला हे ठाऊक नव्हतं. सोमवारी संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर ती नेहमीसारखी दुसऱ्या दिवसाची मागणी सांगायला आली, तर बायका हसल्या. मंगळवारी भाजी काढायची नाही, म्हणजे बुधवारी म्हापशात भाजी नाही.

"आज्जी, तू आधी का सांगितलं न्हाईस?"

"तू इचारलं न्हाईस. तुझ्या तक्त्यात वाराची जागाच न्हाय."

तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. मला वाईटबिईट वाटलं नाही. गावातल्या पोरीला गावाचे वार ठाऊक असायला पाहिजेत.

तिच्या पुस्तकात यावर उपाय होता. थोडा माल राखून ठेवायचा. दिवस अजून मावळला नव्हता. बायका परत मळ्यात गेल्या, बुधवारसाठी आणखी तेवढीच काढून आणली आणि ओली गोणपाटं टाकून माझ्या घराच्या सोप्यात रचली. खत किंवा सिमेंट असतं तर पुस्तक बरोबर होतं. कोथिंबीर मंगळवारभर आतून तापली. बुधवारी क्रेट उघडले तेव्हा वरची हिरवी आणि खालची काळी, नुसता वास. दुकानदार पुतण्याला शांतपणे म्हणाला की एवढी एक चूक सोडतो, पण पुढच्या बुधवारी असं आलं तर गाडी घाटाखाली आणूच नका.

आता आठवडा हातात होता. गिऱ्हाईक गेलं तर बायका परत दलालाच्या दारात आणि नातीचा तक्ता भिंतीवरून उतरून फसलेला म्हणून कॉलेजात जाणार. तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बेळगावच्या बाजारातून घेऊन भरू या, असं तिनं एकदा सुचवलं. तो माल आधीच शिळा असतो हे मी सांगितलं. मग ती म्हणाली की पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, एकाच ठिकाणावर सगळं टाकायचं नाही, माल घ्यायला दुसरं ठिकाण धरून ठेवायचं. पण आसपास सगळीकडेच यात्रा आणि सगळीकडेच वार, मग दुसरं कुठलं धरणार?

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की वार सगळ्यांचे असले तरी एक नसतात. धाकटी बहीण खानापूरच्या रस्त्यावरच्या गावात दिली आहे. त्यांचा वार शुक्रवार. मंगळवारी तिथं विळा चालतो. हे मी बोलले तशी नात उठून उभीच राहिली. मी लगेच फोन लावला.

बहीण सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आक्का, तुमचा देव आडवा आला की आम्ही आठवतो व्हय? आम्ही काय गाडीची स्टेपनी? वार सरले तरी मंगळवार आमचाच ऱ्हाणार असला तर बोल."

शेजारी उभ्या नातीनं मान डोलावून होकार दिला. बायकांना मात्र हे पटेना. शेजारीण म्हणाली की आपण धरून आणलेलं गिऱ्हाईक त्यांच्या घशात घालायचं का. एकीनं मला बहिणीची बाजू घेते असंही ऐकवलं. बराच वेळ हेच चाललं.

"मग बुधवारी पुतण्याला रिकामी गाडी घेऊन घाट उतरू दे," मी म्हणाले. शेजारीण उठून घरी गेली, बाकीच्यांनी क्रेट धुवायला काढले, आणि तोच होकार धरला.

मंगळवारी पिकअप बहिणीच्या गावाला गेली. नातीनं त्या बायकांना पेंडी केवढी आणि क्रेट किती भरायचा ते स्वतः दाखवलं. बुधवारी गाडी वेळेत पोचली, माल उतरला. दुपारी दुकानदाराचा फोन आला. भाजी चांगली होती म्हणाला. कोथिंबीर तर आजवरच्यापेक्षा चांगली, वास दुकानभर सुटलाय, तीच रोज पाठवा. मेथी मात्र आधीचीच, आमच्या गावची, बरी होती.

नातीनं मला ते अडखळत सांगितलं. मी म्हणाले, बायकांना तूच सांग, शिकलीस ना. तिनं सांगितलं. त्यांनी तिला काही म्हटलं नाही, मला म्हटलं.

पुढचे मंगळवार नीट गेले, शुक्रवारी त्यांचा वार म्हणून त्यांच्या वाट्याची कोथिंबीर आमच्या बायकांनी भरून दिली. महिना भरला आणि दुकानदारानं कायमचं केलं. यात्रा झाली, वार संपले, तरी ठरल्याप्रमाणं मंगळवार बहिणीच्या गावाकडंच राहिला. तक्त्यात आता दोन्ही गावांचे वार लिहिलेले आहेत आणि गाडी रोज आधी बहिणीच्या गावाला वळून कोथिंबीर घेते. शेजारीण अजून माझ्याशी तुटक बोलते. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कोथिंबीर गेली ती गेलीच.

मी औंदा परसातल्या वाफ्यात कोथिंबीर टाकली नाही. सगळी मेथीच लावली.